टाइट गॅसची फ्रॅक केलेली विहीर तपासायची कशी

कराडकडच्या आमच्या मळ्यातल्या विहिरीत वडिलांनी आडवं बोअर मारून घेतलं, तेव्हा मी दहावीत होतो. बोअरवाले गेल्यावर वडिलांनी मोटार लावून विहीर तळापर्यंत उपसली, मोटार बंद केली आणि मला काठावर वही घेऊन बसवलं. दर तासाला पाणी किती चढलं ते लिहायचं. बोअर मारायच्या आदल्या आठवड्यातही त्यांनी हेच केलं होतं. दोन्ही पानं शेजारी ठेवली आणि बोअरने किती फरक पडला ते त्यांना संध्याकाळपर्यंत कळलं.

गेली २२ वर्षं मी गॅसच्या विहिरींवर वेल टेस्टिंग करतो. म्हणजे गॅसचा प्रवाह आणि दाब मोजून खडक आणि विहीर कशी आहे ते काढतो. फ्रॅक केलेली, म्हणजे खडकात दाबाने भेग पाडलेली, विहीर तपासणं हे वडिलांच्या त्या दोन पानांचंच काम आहे, आणि आमच्या धंद्यात हमखास गहाळ होतं ते पहिलं पान. फ्रॅकआधी खडक कसा होता हे मोजलेलं नसतं. मग फ्रॅकनंतर दाब मोजायचं कितीही महागडं गेज खाली सोडा, उत्तर अर्धवटच मिळतं. पेट्रोलियम इंजिनिअरिंग संपवून पहिल्यांदा अशा विहिरीवर निघालेल्या मुला-मुलींसाठी हे लिहितो आहे.

टाइट गॅस म्हणजे खडकात गॅस आहे, पण खडक तो सोडत नाही. अमेरिकेत १९७८ च्या नैसर्गिक वायू धोरण कायद्यानंतर जी व्याख्या रूढ झाली, तिच्यात पारगम्यतेची, म्हणजे खडक गॅस किती सहज वाहू देतो त्या मापाची, मर्यादा ०.१ मिलिडार्सी होती. तिच्याखालचा तो टाइट. आपल्याकडे राजस्थानात बाडमेरच्या पट्ट्यात, गुडामालानीजवळ रागेश्वरीचं खोल गॅसक्षेत्र आहे. तिथला गॅस बराचसा ज्वालामुखीच्या खडकात आहे, जमिनीखाली सुमारे ३ किलोमीटरवर. सह्याद्रीच्या काळ्या दगडात विहीर खणताना पाहिलेल्या माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही. कातळ पाणी देत नाही, भेग देते. फ्रॅक म्हणजे दाबाने पाडलेली भेग, आणि ती मिटू नये म्हणून तिच्यात भरलेले वाळूचे किंवा सिरॅमिकचे दाणे, म्हणजे प्रॉपंट. १९४७ साली कॅन्ससमधल्या ह्युगोटन क्षेत्रात ही गोष्ट पहिल्यांदा करून पाहिली गेली.

कागदावर आधी वेळ काढा

साइटवर जायच्या आधी एक हिशेब करायचाच. भेग पाडलेल्या विहिरीत गॅस आधी भेगेकडे सरळ रेषेत, दोन्ही बाजूंनी येतो. याला लिनिअर प्रवाह म्हणतात. पुष्कळ काळाने, दूरचा गॅसही निघू लागल्यावर, प्रवाह चहूबाजूंनी येतो. तो स्यूडो-रेडियल. पारगम्यता सरळ हाती लागते ती या दुसऱ्या अवस्थेत. ती किती वेळाने येईल, हे काढायचं परिमाणहीन वेळेचं सूत्र असं आहे:

०.०००२६३७ × पारगम्यता (मिलिडार्सी) × वेळ (तास) ÷ [सच्छिद्रता (खडकातल्या पोकळीचा हिस्सा, अपूर्णांकात) × गॅसचा चिकटपणा (सेंटिपॉइज) × एकूण संकोच्यता, म्हणजे दाबाने आकुंचन पावण्याचं माप (प्रति पीएसआय) × भेगेच्या अर्ध्या लांबीचा, म्हणजे विहिरीपासून भेगेच्या एका टोकापर्यंतच्या अंतराचा, वर्ग (फूट)]

भेगेत दाब जवळजवळ पडत नाही असं धरलं, तर हा आकडा ०.०१६ च्या आसपास आला की शुद्ध लिनिअर प्रवाह संपतो, आणि सुमारे ३ झाला की स्यूडो-रेडियल सुरू होतो. आता घाला आकडे. सच्छिद्रता ८ टक्के, चिकटपणा ०.०२, संकोच्यता ०.०००२, भेगेची अर्धी लांबी ३०० फूट, पारगम्यता ०.०१ मिलिडार्सी. लिनिअर प्रवाह संपतो १७५ तासांनी. स्यूडो-रेडियल सुरू व्हायला लागतात सुमारे ३२,८०० तास, म्हणजे पावणेचार वर्षं.

कोणतीही कंपनी पावणेचार वर्षं विहीर बंद ठेवून दाब मोजणार नाही, आणि ठेवूही नये. पारगम्यता दहापट, ०.१ असली तरी १३६ दिवस लागतात. मुलाखतीत मी नव्या मुलांना हाच हिशेब तोंडी विचारतो. ज्याला पावणेचार वर्षांचा आकडा ऐकून धक्का बसतो, त्याला पुढचं सगळं लवकर समजतं.

फ्रॅकच्या आधी: पहिलं पान

पारगम्यता मोजायची ती भेग पाडायच्या आधी. छिद्रं पाडल्यावर, म्हणजे पर्फोरेशननंतर, विहीर थोडी तरी वाहत असेल तर तिला वाहू द्या, मग बंद करा. अडचण अशी की टाइट खडकात गॅस इतका हळू येतो की ३ किलोमीटरची नळी भरण्यातच दिवस जातात, आणि तोवर गेजला दिसतं ते नळीचं वागणं. म्हणून बंद करायचं ते वर वेलहेडला, म्हणजे विहिरीच्या तोंडावरच्या झडपांना, नाही. स्लिकलाइनने, म्हणजे बारीक तारेने, बंद करायचं शट-इन टूल खाली बसवून पर्फोरेशनच्या शक्य तितक्या जवळ बंद करायचं.

बऱ्याच विहिरी फ्रॅकआधी वाहतच नाहीत. तिथे उलटं करायचं: गॅस काढायच्या ऐवजी थोडं पाणी आत घालायचं. याला डीफिट म्हणतात. पोटॅशियम क्लोराइडचं दोन टक्क्यांचं पाणी, २० ते ५० बॅरल, स्थिर वेगाने काही मिनिटं पंप करायचं. प्रॉपंट एक दाणाही नाही. इवलीशी भेग पडते. पंप एकदम बंद करायचा आणि दाब कसा उतरतो ते बघत बसायचं. पहिला टप्पा भेग मिटण्याचा. तो जी-फंक्शनच्या, म्हणजे पंप बंद केल्यानंतरच्या वेळेवरून काढलेल्या एका आकड्याच्या, आलेखावर दिसतो. आरंभबिंदूतून निघालेली सरळ रेषा जिथे खाली वळते, तिथे भेग मिटली. फ्रॅकवाल्यांना हा मिटण्याचा दाब हवा असतो आणि तो मिळाला की ते सामान आवरायला लागतात. त्यांना आवरू द्या, पण विहिरीला हात लावू देऊ नका. आपलं काम त्यानंतर सुरू होतं. भेग मिटल्यावर पाणी खडकात रेडियल पसरू लागतं, आणि त्या उतारातून पारगम्यता व खडकातला मूळ दाब मिळतो. त्यासाठी कित्येक दिवस, कधी दोन आठवडेही थांबावं लागतं.

इथे तीन गोष्टी मी रक्त आटवून शिकलो.

पहिली, पाण्याच्या स्तंभाचं वजन. ३,००० मीटर गोड्या पाण्याचा तळाशी दाब साधारण ४,२६० पीएसआय होतो. खडकातला दाब याहून कमी असेल तर वेलहेडचा दाब उतरत उतरत शून्यावर येईल आणि त्यापुढचं काही वरच्या गेजला दिसणार नाही. नेमका कामाचा भाग तोच असतो. अशी शंका असेल तर गेज खालीच हवं.

दुसरी, ऊन. थरच्या वाळवंटात दुपार आणि पहाट यांत तापमानाचा इतका फरक असतो की वेलहेडवरच्या गेजच्या आलेखात दिवस-रात्रीची लाट उमटते. उतार मंद झाला की ती लाट खऱ्या उतारापेक्षा मोठी होते. गेज आणि त्याच्यापर्यंतची बारीक नळी इन्सुलेशनने गुंडाळा, वर सावली करा. आम्ही एकदा गोणपाट ओलं करून बांधलं आणि दुपारभर ते वाळू दिलं. त्याने लाट वाढली. कोरडं, जाड आवरणच हवं.

तिसरी, माणसं. एका विहिरीवर नवव्या दिवशी रात्रपाळीच्या माणसाने व्हॉल्व्हला ग्रीस करताना थोडा दाब सोडला. त्याची चूक नव्हती, त्याच्या रोजच्या कामाच्या यादीत ते होतं. नऊ दिवसांची चाचणी तिथे संपली. तेव्हापासून मी वेलहेडवर हिंदीत मोठा फलक लावतो आणि प्रत्येक पाळीला स्वतः जाऊन सांगतो.

फ्रॅक आणि फ्लोबॅक

फ्रॅक हे दुसऱ्या टीमचं काम, पण त्या दिवशी साइटवर राहा. किती पाणी, किती प्रॉपंट, कोणत्या टप्प्यात, किती दाबाने गेलं ते स्वतःच्या वहीत लिहा. ज्या जेलमधून प्रॉपंट आत नेतात, ती बहुतेक वेळा गवारीच्या बियांच्या डिंकाची असते. जगातली बहुतांश गवार भारतात पिकते आणि त्यातली मोठी वाटणी राजस्थानची. पावसाळ्यात साइटच्या कुंपणाबाहेर गवार उभी असते आणि कुंपणाच्या आत टँकमध्ये तिचीच जेल ढवळली जात असते. मला ते दृश्य अजूनही थांबून बघावंसं वाटतं.

जेल ब्रेकर नावाच्या रसायनाने पातळ झाली की विहीर उघडायची आणि आत घातलेलं पाणी परत वाहू द्यायचं. हाच फ्लोबॅक. १०/६४ किंवा १२/६४ इंचाच्या चोकने, म्हणजे प्रवाह आवळणाऱ्या बारीक छिद्राने, सुरुवात करा आणि एकेक पायरी चढा. भराभर चोक वाढवला की भेगेतला प्रॉपंट गॅसबरोबर बाहेर येतो. विहिरीच्या तोंडाशी भेग रिकामी होऊन मिटते आणि पाइपच्या वळणांना आतून कापत दाणे निघून जातात. सँड कॅचर ठेवाच. त्यावर विसंबून न राहता दर अर्ध्या तासाला चोकआधीच्या नमुन्यातलं पाणी बाटलीत घ्या, उन्हाकडे धरा, बोटांत चोळून बघा. दाणा जाणवला की एक पायरी मागे या. काही जण म्हणतात की भेग लवकर मिटावी म्हणून सुरुवातीला जोरात वाहवावं. मी त्या मताचा नाही.

चोकमधून गॅसचा दाब एकदम उतरतो आणि गॅस थंड पडतो. बाहेर ४४ अंश ऊन असताना चोकच्या पुढच्या पाइपवर पांढरं हिम चढलेलं मी पाहिलं आहे. पाइपच्या आत पाणी आणि गॅस मिळून हायड्रेटचा बर्फ होतो आणि लाइन चोंदते. अशा वेळी हातोडी मारायची नाही, चोंदलेल्या गोळ्याच्या एका बाजूचा दाब एकदम सोडायचाही नाही. गोळा बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो. चोकच्या आधी मिथेनॉलचा पंप आणि पुढे हीटर पहिल्या तासापासून चालू हवा. तात्पुरत्या लाइन साखळीने बांधलेल्या, गॅस जाळायची फ्लेअर वाऱ्याच्या खालच्या अंगाला, विंडसॉक सगळ्यांना दिसेल असा, हायड्रोजन सल्फाइडचे डिटेक्टर तपासलेले. हे सगळं उघडायच्या आधी, उघडल्यावर नाही.

आत घातलेल्या पाण्यातलं किती परत आलं त्याचा टँक मोजून हिशेब ठेवा, आणि त्या पाण्यातलं क्लोराइडही मोजा. दोन टक्के पोटॅशियम क्लोराइडच्या पाण्यात लिटरला साधारण ९,५०० मिलिग्रॅम क्लोराइड असतं. आकडा तिथून सरकायला लागला की खडकातलं पाणीही येतंय. सगळं पाणी परत येत नाही, तशी अपेक्षाही धरू नये. पण भेगेत पाणी उभं असताना चाचणी घेतली, तर भेग आहे त्याहून आखूड आणि चोंदलेली दिसते. घाईच्या या एका कारणाने चांगल्या फ्रॅकना वाईट म्हटलं गेलेलं मी पुष्कळदा पाहिलंय.

गॅस, तेल, पाणी वेगळं करणाऱ्या सेपरेटरवर गॅस मोजायची भोकाची चकती, म्हणजे ऑरिफिस प्लेट, अशी निवडा की दाबातला फरक मीटरच्या मर्यादेच्या २० ते ८० टक्क्यांत राहील. प्लेट घालण्याआधी तिची कड नखाने तपासा. कंडेन्सेट, म्हणजे गॅसबरोबर येणारं पातळ तेल, वेगळं मोजा. गॅस, कंडेन्सेट, पाणी, तिन्हींचा प्रवाह पहिल्या तासापासून लिहा, रात्री दोन वाजताचासुद्धा. पुढे बिल्डअपचा, म्हणजे विहीर बंद करून चढत्या दाबाच्या मोजणीचा, अर्थ लावताना हा सगळा इतिहास लागतो. बिल्डअपच्या आधी किमान दोन दिवस चोकला हात लावू नका.

याच काळात वरिष्ठ कोणीतरी एओएफ विचारेल: तळाचा दाब वातावरणाएवढा केला तर विहीर किती गॅस देईल? चार चोकवर चार-चार तास वाहवून आकडा काढणं सोपं आहे. ती पद्धत १९३० च्या दशकात चांगल्या पारगम्यतेच्या विहिरींसाठी आली, जिथे दाब तासाभरात स्थिरावतो. टाइट विहिरीत तो महिनोन्‌महिने स्थिरावत नाही, त्यामुळे पहिल्या दिवशीचा आकडा फुगलेला असतो. मॉडिफाइड आयसोक्रोनल चाचणी, म्हणजे सारख्याच वेळा आळीपाळीने वाहवणं आणि बंद करणं आणि शेवटी एक लांब प्रवाह, यापेक्षा बरी, तरीही शेवटच्या लांब प्रवाहाला तुम्ही किती वेळ देता यावर ती अवलंबून असते. आकडा द्यावाच लागला तर त्याच्या शेजारी, त्याच ओळीत, किती तासांच्या प्रवाहावरून काढला ते लिहा.

बिल्डअप

क्वार्ट्झचं मेमरी गेज, एकाऐवजी दोन, एकाखाली एक. एक बिघडलं तर दुसरं असतंच, शिवाय दोन्ही एकमेकांशी जुळतात का यावरूनच पुष्कळ कळतं. खाली सोडताना आणि वर काढताना ठरावीक खोलीवर १५ मिनिटं थांबून दाब नोंदवा. गेजच्या खाली, पर्फोरेशनपर्यंत काय उभं आहे, गॅस की पाणी, ते या थांब्यांवरून समजतं. बंद केल्यावर पाणी खाली बसतं, गॅस वर जातो, आणि दाबाच्या आलेखावर एक कुबड येतं. ते खडकाचं नसतं. बंद केल्यानंतरच्या पहिल्या तासात दर सेकंदाची नोंद ठेवा; मेमरी पुरत नाही हे कारण आता राहिलेलं नाही.

किती वेळ बंद ठेवायचं? वरच्या सूत्राने लिनिअर प्रवाह संपायला किती तास लागतील ते काढा आणि त्याच्या पुढे जायचा आग्रह धरा. विहीर वाहिली चार दिवस आणि बंद ठेवली चाळीस दिवस, असं करूनही फार साधत नाही. जितकं वाहवलं त्याच्या फार पलीकडची माहिती बिल्डअप देत नाही.

आलेख वाचताना

गॅससाठी दाब तसाच न वापरता स्यूडो-प्रेशर घ्या, कारण दाबाबरोबर गॅसचा चिकटपणा आणि संकोच्यता दोन्ही बदलतात. लॉग-लॉग आलेखावर दाबाचा फरक आणि त्याचं डेरिव्हेटिव्ह, म्हणजे तो फरक किती वेगाने बदलतो ते, दोन्ही काढा. दोन्ही रेषा अर्ध्या उताराने समांतर चढत असतील आणि डेरिव्हेटिव्ह बरोबर निम्म्यावर असेल, तर तो लिनिअर प्रवाह. उतार पाव असेल आणि डेरिव्हेटिव्ह चौथ्या हिश्शावर असेल, तर बाय-लिनिअर, म्हणजे भेगेच्या आतही दाब खर्च होतोय, भेग पुरेशी मोकळी नाही. उतार जुळतो पण निम्म्याचं किंवा चौथ्या हिश्शाचं अंतर जुळत नाही, असं असेल तर घाई नको. बहुधा फरक ज्यापासून मोजला तो बंद करतानाचा दाब चुकीचा घेतलेला असतो, किंवा ते विहिरीतलं पाणीच असतं.

आता माझी चूक सांगतो. विहिरीचं नाव सांगत नाही. फ्रॅकआधीची चाचणी दिवस वाचवायला वगळली होती. बिल्डअप फक्त २४ तासांचा मिळाला, आणि त्यात अर्ध्या उताराची रेषा आली. या रेषेतून भेगेची अर्धी लांबी मिळत नाही, पारगम्यताही मिळत नाही. मिळतो तो दोन्हींचा गुणाकार: लांबी गुणिले पारगम्यतेचं वर्गमूळ. माझा गुणाकार आला ३०. लांबी ३०० आणि पारगम्यता ०.०१ धरली तर ३०. लांबी १५० आणि पारगम्यता ०.०४ धरली तरी ३०. सॉफ्टवेअरने पहिल्या जोडीशी सुंदर जुळणी करून दाखवली, आणि मी ती अहवालात एकमेव उत्तर म्हणून लिहिली.

पहिल्या जोडीचा अर्थ होतो की भेग छान लांब आहे, खडकच गरीब आहे, आणखी काही करण्यासारखं नाही. दुसरीचा अर्थ बरोबर उलटा: खडक चौपट चांगला आहे, भेग निम्म्यावर अडकली आहे, फ्रॅकचा आराखडा बदला. माझ्या अहवालावर विसंबून शेजारच्या विहिरीला तोच आराखडा वापरला गेला. तिथे मात्र डीफिट झाली होती, आणि पारगम्यता ०.०४ च्या जवळ निघाली.

दोन्ही जोड्या वेगळ्या ओळखता आल्या असत्या. सूत्रात घाला: पहिल्या जोडीची सरळ रेषा १७५ तासांपर्यंत टिकायला हवी, दुसरीची ११ तासांतच वाकू लागायला हवी. माझ्या २४ तासांच्या शेवटी एक हलकं वळण होतं. गेजचा गोंगाट समजून मी स्मूदिंग, म्हणजे रेषा गुळगुळीत करणं, वाढवलं आणि ते पुसलं. म्हणून आता पहिली फेरी स्मूदिंगशिवाय काढतो, आणि प्रत्येक संभाव्य जोडीची सरळ रेषा कधी संपली पाहिजे ते आलेखावरच उभ्या रेघेने दाखवतो.

विहीर लाइनला लागल्यावर

विहीर विक्रीच्या लाइनला जोडली म्हणून चाचणी संपत नाही. रोजचा प्रवाह आणि रोजचा दाब ही महिनोन्‌महिने चालणारी फुकटची चाचणी आहे, फक्त दाब प्रामाणिकपणे नोंदवला जायला हवा. तळाशी कायमचं गेज असेल तर उत्तम. नसेल तर वेलहेडच्या दाबावरून तळाचा काढताना नळीत पाणी साचत नाही ना ते बघा. स्यूडो-प्रेशरमधली घट भागिले प्रवाह, हे वेळेच्या वर्गमुळाविरुद्ध मांडा. सरळ रेषा आली तर पुन्हा तोच गुणाकार, आणि ती वर वाकली तर सीमा लागली किंवा शेजारची भेग आड आली.

यात एक खड्डा आहे, त्यात अनुभवी लोकही पडतात. बिल्डअपची सूत्रं स्थिर प्रवाहासाठीची असतात. लाइनवरची टाइट विहीर बहुतेक वेळा स्थिर दाबावर चालते आणि प्रवाह घटत जातो. दोन्हींच्या रेषेच्या उतारात π भागिले दोनचा, म्हणजे १.५७ पटीचा फरक असतो. चुकीचं सूत्र लावलं तर भेग आहे त्याच्या दोन-तृतीयांशाहूनही थोडी आखूड निघते.

एकाच विहिरीत अनेक टप्प्यांत फ्रॅक केली असेल तर हा गुणाकार सगळ्या भेगांचा मिळून असतो. कोणता टप्पा वाहतोय हे प्रॉडक्शन लॉग चालवल्याशिवाय, म्हणजे विहिरीत खाली प्रवाह मोजल्याशिवाय, सांगू नका.

अहवालात पहिल्या पानावर तीन ओळी लिहा: गुणाकार किती आला, पारगम्यता कुठून घेतली, आणि त्यावरून भेगेची लांबी किती. पारगम्यता मोजलेली नसेल तर दुसऱ्या ओळीत "मोजलेली नाही" लिहा आणि तिसऱ्या ओळीत एका आकड्याऐवजी दोन टोकं द्या. गेजची मूळ फाइल, न गाळलेली, न गुळगुळीत केलेली, अहवालासोबत जोडा आणि एक प्रत स्वतःकडच्या नोंदवहीबरोबर ठेवा.